कॅमेरा लावलाय, पण तो बघतोय कुणाकडे?

रूमवर चोरी झाली म्हणून आम्ही तिघींनी दारात कॅमेरा लावायचं ठरवलं. कोणता घ्यायचा, कुठे लावायचा हे शिकता शिकता एक वेगळाच प्रश्न समोर आला : हा कॅमेरा चोरावर नजर ठेवणार की आमच्यावर?

‘‘ही बघा, टोपी दिसतेय. निळी टोपी.’’

सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरी काका स्क्रीनवर बोट ठेवून आम्हाला चोर दाखवत होते. आम्ही तिघी वाकून वाकून बघत होतो. टोपी खरंच निळी होती. टोपीच्या खाली चेहराही असणार, पण तो काही दिसत नव्हता.

नीट सांगते. पुण्यात कर्वेनगरला आम्ही तिघी एक फ्लॅट शेअर करून राहतो. तीन मजली जुनी बिल्डिंग, आमचा दुसरा मजला, लिफ्ट नाही. जुलैमधल्या एका मंगळवारी तिघी कॉलेजला गेलो आणि दुपारी परत आलो तर कडी उचकटलेली. माझ्या रूममेटचा लॅपटॉप गेला होता. तिचा फायनल इयरचा प्रोजेक्ट त्यातच, आणि बॅकअप अर्धवट.

आता आमच्या बिल्डिंगला चार कॅमेरे आहेत बरं का. ‘आपण सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात’ असा बोर्डही आहे. पोलीस आले, पंचनामा झाला, त्यांनी फुटेज मागितलं, आणि एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. जिन्यातला कॅमेरा कित्येक महिने नुसता काळा चौकोन दाखवत होता. गेटवरचा चालू होता, पण बारा फुटांवर लावलेला. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांचं टक्कल, भांग आणि टोप्या तेवढ्या स्पष्ट दिसतात. वर डीव्हीआरचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे. समोरच्या काकूंनी सव्वाअकराला आवाज ऐकला होता, म्हणून आम्ही सव्वाअकराचं रेकॉर्डिंग तीनदा बघितलं. त्यात कुणीच नव्हतं. तो माणूस सापडला दहा पस्तीसला. टोपीसकट.

दोन दिवसांनी रूममेटचे बाबा परभणीहून आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ‘‘सामान आवर. परीक्षेपुरतं येऊन-जाऊन करू.’’ ती रडली, आम्ही समजावलं, रात्रभर चर्चा झाली. शेवटी एका अटीवर ते तयार झाले : दारात स्वतःचा कॅमेरा लावा, मग राहा.

‘‘तू पत्रकार होणारेस ना? मग तूच शोध कोणता घ्यायचा ते,’’ असं म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. पुढचे दोन आठवडे मी दुकानदारांना, कॅमेरे बसवणाऱ्या दादांना आणि इंजिनीअरिंगच्या मित्रांना छळलं. तुम्ही रूम घेऊन राहत असाल, नाहीतर घरी आईबाबा ‘कॅमेरा लावायचाय, जरा बघ ना मोबाइलवर’ म्हणत असतील, तर त्यातलं बरंचसं तुमच्याही कामाला येईल.

मेगापिक्सेल नंतर, प्रश्न आधी

तापकीर गल्लीत गेलो तर प्रश्नांचा भडिमार. दोन मेगापिक्सेल की चार? बुलेट की डोम? वायरवाला की वाय-फाय? आम्ही एकमेकींकडे बघतोय. एका दुकानातल्या काकांनी मात्र एकच प्रश्न विचारला. ‘‘तुम्हाला बघायचंय काय?’’

आम्ही म्हटलं, चोर. ते म्हणाले, ‘‘चोर आला हे बघायचंय, की चोर कोण हे बघायचंय?’’

हा फरक नुसता बोलण्यातला नाही. सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये त्याचे आकडे ठरलेले आहेत. कॅमेऱ्यासमोरच्या जागेची रुंदी मोजायची आणि एका मीटरला किती पिक्सेल मिळतात ते बघायचं. मीटरला २५ पिक्सेल मिळाले तर ‘कुणीतरी आलंय’ एवढं कळतं. साधारण ६२ मिळाले तर कपडे, चालण्याची ढब दिसते. १२५ ला ओळखीचा माणूस ओळखू येतो. पण अनोळखी माणसाचा चेहरा पुढे शंकेशिवाय ओळखता यावा असं वाटत असेल, तर मीटरला २५० पिक्सेल लागतात.

आता गणित करा. दोन मेगापिक्सेल म्हणजे चित्र १९२० पिक्सेल रुंद. १९२० ला २५० ने भागा. आलं ७.६८. म्हणजे कॅमेऱ्यात दिसणारी जागा साडेसात मीटरपेक्षा रुंद झाली की चेहऱ्याची खात्री गेली.

घरगुती कॅमेऱ्यात बहुतेक वेळा २.८ मिलिमीटरची लेन्स असते. ती जवळजवळ ११० अंशांचं दृश्य पकडते. ‘मॅडम, अख्खा पॅसेज दिसेल’ म्हणून दुकानदार तीच पुढे करतात. अख्खा पॅसेज दिसतो हे खरंच आहे. पण एवढ्या रुंद लेन्सला साडेसात मीटरची मर्यादा जेमतेम पावणेतीन मीटर अंतरावरच येते. दहा मीटरवरच्या माणसाचे तर मीटरला ६७ च्या आसपास पिक्सेल उरतात. म्हणजे शर्टाचा रंग सांगा, माणूस विसरा. दूरचा चेहरा हवा असेल तर ४ किंवा ६ मिलिमीटरची लेन्स घ्यावी लागते. तिला जागा कमी दिसते, पण जेवढी दिसते तेवढी नीट दिसते.

म्हणून पार्किंगमधल्या गाड्या, जिना आणि दार हे सगळं एकाच कॅमेऱ्यात मावेल का, हे विचारूच नका. मावेल, पण कामाचं काही दिसणार नाही. आमच्या दारापुढची जागा मोजली तर दोन-अडीच मीटर भरली. आमचा प्रश्न ठरला : दारात जो उभा राहील त्याचा चेहरा. दोन मेगापिक्सेल आणि २.८ ची लेन्स त्याला पुरेशी होती. चार मेगापिक्सेलचे जास्तीचे पैसे वाचले.

अकरा महिन्यांच्या कराराचा कॅमेरा

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचं एक वेगळं दुखणं असतं. करार अकरा महिन्यांचा. वायरिंग करून घ्यायचं आणि पुढच्या वर्षी ते घरमालकांना सोडून जायचं का?

मुळात दोन रस्ते आहेत. एक वायरचा. सगळे कॅमेरे वायरने एका पेटीला जोडलेले, ती पेटी म्हणजे डीव्हीआर किंवा एनव्हीआर, आणि आत हार्ड डिस्क. अख्ख्या बिल्डिंगसाठी, दुकानासाठी, गावाकडच्या घरासाठी हाच बरा. त्यात पीओई नावाचा प्रकार आहे. एकाच नेटवर्क केबलमधून वीजही जाते आणि चित्रही येतं, साधारण १०० मीटरपर्यंत. दुसरा रस्ता वाय-फायचा. कॅमेऱ्यातच मेमरी कार्ड, मोबाइलवर ॲप. घर बदललं की चार स्क्रू काढून बॅगेत टाकायचा. आम्ही हाच घेतला. कॅमेरा, कार्ड आणि किरकोळ सामान मिळून तिघींना प्रत्येकी हजाराच्या आसपास पडले.

पण वाय-फायवाला घेताना या गोष्टी नक्की बघा.

सिग्नल : जिथे कॅमेरा लावायचाय तिथे दार बंद करून मोबाइल घेऊन उभे राहा. तिथे व्हिडिओ अडकत असेल तर कॅमेराही अडकणार. असे कॅमेरे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ते बरंच आहे, कारण भिंतीतून ५ गिगाहर्ट्झपेक्षा तेच सिग्नल जास्त चांगले जातात.

लाइट : लाइट गेले की राउटर बंद, कॅमेराही बंद. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. कॅमेऱ्याला त्यावरून वीज देता येते का, हे दुकानातच विचारून घ्या.

किती दिवसांचं रेकॉर्डिंग : हे कुणीच सांगत नाही, म्हणून स्वतः मोजा. सेटिंगमध्ये बिटरेट २ एमबीपीएस असेल तर चोवीस तासांचे साधारण २१.६ जीबी होतात. म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात पाच-सहा दिवस. पुढे जुनं पुसून त्यावर नवं. दिवाळीला दहा दिवस घरी गेलात आणि चोरी पहिल्याच रात्री झाली, तर परत येईपर्यंत चोर पुसला गेलेला असेल! म्हणून सुट्टीत फक्त हालचाल झाली तरच रेकॉर्ड होईल असं सेटिंग ठेवा आणि अलर्ट रोज बघा. आमच्या सोसायटीत चार कॅमेरे आणि एक टीबीची डिस्क आहे. त्याच बिटरेटने हिशेब केला तर साडेअकरा दिवस भरतात. पोलिसांत जायला ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवा.

कार्ड : साधं मोबाइलचं कार्ड रात्रंदिवस लिहून लिहून लवकर मरतं. सतत रेकॉर्डिंगसाठी वेगळं ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्ड मिळतं, ते घ्या. चोर कॅमेराच उपटून नेऊ शकतो, म्हणजे कार्डही गेलं. म्हणून हालचालीचा फोटो किंवा छोटी क्लिप लगेच मोबाइलवर येते ना, ते तपासा. काही कंपन्या त्यासाठी दर महिन्याला क्लाउडचे पैसे घेतात. बॉक्सवरची किंमत बघताना तेही धरा.

पाऊस : बाहेर उघड्यावर लावणार असाल तर आयपी६६ किंवा आयपी६७ लिहिलेला घ्या. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आमचं दार छपराखाली असल्यामुळे आम्ही तो खर्च केला नाही.

आधी चिकटपट्टी, मग ड्रिल

आमच्या हातून झालेली पहिली चूक म्हणजे घाई. कॅमेरा आला त्याच संध्याकाळी इलेक्ट्रिशियन दादांना बोलावलं. ते ड्रिल घेऊन स्टुलावर चढले आणि म्हणाले, ‘‘कुठे मारू?’’ आम्ही म्हटलं, ‘‘वर. एकदम वर. हात पोचायला नको.’’ बारा फुटांच्या टोपीवाल्या कॅमेऱ्याची गंमत आम्ही विसरलोच होतो!

नशीब, दादा शहाणे होते. त्यांनी कॅमेरा आधी नुसता चिकटपट्टीने लावून दाखवला. सात-साडेसात फुटांवर. रूममेट टोपी घालून दारात उभी राहिली, मी मोबाइलवर बघितलं, अख्खा चेहरा दिसला. मग गंमत म्हणून छताजवळ धरून बघितला. फक्त टोपी. हिशेब सोपा आहे. कॅमेरा चेहऱ्याच्या जितका जवळच्या उंचीवर, तितका तो चेहऱ्याकडे समोरून बघतो. उंची फार वाढली की तो डोक्याकडे बघतो. हात पोचण्याची भीती असेल तर गेटवर किंवा जिन्यात दुसरा कॅमेरा उंचावर ठेवा आणि त्याला पहिल्या कॅमेऱ्यावर लक्ष ठेवू द्या. पण चेहऱ्यासाठीचा कॅमेरा खालीच हवा.

दुसरा धडा रात्री मिळाला. रात्री कॅमेरा इन्फ्रारेड दिव्यांवर चालतो. तो प्रकाश आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. आमचा कॅमेरा बाजूच्या पांढऱ्या भिंतीला अगदी खेटून होता. भिंतीवरून सगळा प्रकाश उलटा आला आणि चित्रात नुसतं पांढरं धुकं. फूटभर पुढे सरकवल्यावर चेहरा आला. काचेच्या खिडकीतून बाहेर बघणारा कॅमेरा लावाल तर रात्री हेच होईल. दिवसाचीही एक अडचण असते. माणसाच्या मागे उजेड असेल, म्हणजे पॅसेजच्या टोकाला खिडकी वगैरे, तर चेहरा काळा पडतो. तिथे डब्ल्यूडीआर असलेला कॅमेरा घ्या किंवा जागा बदला.

म्हणून सांगते, भिंतीला भोक पाडण्याआधी चिकटपट्टीवर एक दिवस आणि एक रात्र जाऊ द्या. दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री अकरा, तिन्ही वेळेला मैत्रिणीला दारात उभं करा. ती ओळखू आली तरच ड्रिल. आणि हो, भिंत घरमालकांची आणि पॅसेज सोसायटीचा. दोघांनाही आधी विचारा. आम्ही व्हॉट्सॲपवर लेखी विचारलं, म्हणजे नंतर ‘मी कधी हो म्हटलं’ नको.

‘माझं दार का बघताय?’

चिकटपट्टीवरच्या त्या एका दिवसात समोरच्या काकू आल्या. आमच्या चोरीत सगळ्यात जास्त मदत त्यांनीच केली होती, चहा पण त्यांच्याकडेच झाला होता. त्या कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या, ‘‘हे तुमचं दार बघणार, ठीक आहे. पण माझ्याकडे कोण येतं, कोण जातं, ते तुम्ही कशाला बघायचं गं?’’

आमच्याकडे उत्तर नव्हतं. कॅमेरा थेट त्यांच्या दारावर होता. त्यांचा हॉल पण थोडा दिसत होता.

सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. आम्ही तो निकाल मीडिया लॉच्या पेपरसाठी पाठ केला होता. काकूंनी तो न वाचताच समजावला. आम्ही कॅमेरा दाराच्या वर न लावता बाजूच्या भिंतीवर घेतला, तोंड जिन्याकडे. आता त्यात आमचं पायपुसणं, जिन्याच्या शेवटच्या चार पायऱ्या आणि कठडा दिसतो. काकूंच्या दाराचा एक कोपरा तरी येतच होता, तो ॲपमधल्या प्रायव्हसी मास्कने काळा केला. सगळ्या कॅमेऱ्यांत ही सोय नसते, घेताना विचारा. माइक बंद केला, कारण पॅसेजमधल्या लोकांच्या गप्पा ऐकायचं आम्हाला काय काम? मग काकूंना स्क्रीन दाखवली. त्या म्हणाल्या, ‘‘हां, आता ठीक आहे. माझ्याकडेही नजर ठेवा म्हटलं की वळवा.’’

एक गोष्ट मुलींनी पक्की लक्षात ठेवायची. फ्लॅटच्या आत, खोलीत, कपडे बदलायच्या जागी घरमालकांनी ‘सेफ्टीसाठी’ कॅमेरा लावला तर ती सेफ्टी नाही. कुणाचं खासगी चित्रण करणं किंवा ते पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार आणि आयटी ॲक्टच्या कलम ६६ ई नुसार गुन्हा आहे. असा कॅमेरा दिसला तर तो काढू-फेकू नका. फोटो काढा आणि ११२ ला फोन करा. घरातलंच कुणी कॅमेरा लावत असेल तरी बाकीच्यांची संमती लागते. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात कोलकाता हायकोर्टाने २०२५ मध्ये हेच सांगितलं आणि सुप्रीम कोर्टानेही तो निकाल बदलला नाही.

पासवर्ड कुणाकडे?

कॅमेरा लागला. ॲप सुरू झालं. दादांनी सेटिंग करून दिलं आणि जाताना म्हणाले, ‘‘पासवर्ड सोपा ठेवलाय, विसरायला नको.’’

तो सोपा पासवर्ड त्याच रात्री बदला, प्लीज. २१ ऑक्टोबर २०१६ ला ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठमोठ्या साइट्स अमेरिकेत काही तास नीट उघडेनात. हल्ला करणाऱ्या फौजेत लोकांच्या घरातले कॅमेरे आणि डीव्हीआर होते! ‘मिराई’ नावाचा प्रोग्रॅम कंपनीने दिलेले साठेक ठरावीक पासवर्ड टाकून बघायचा आणि आत शिरायचा. मिराई तयार केल्याची कबुली पुढच्या वर्षी तिघांनी दिली. तिघंही आपल्याच वयाचे, त्यातला एक रट्गर्स विद्यापीठात शिकणारा.

हे अमेरिकेतलं झालं असं म्हणू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं फुटेज यूट्यूब आणि टेलिग्रामवर फिरत असल्याचं उघड झालं. तपासणीला आलेल्या बायकांचे व्हिडिओ. पोलिसांनी ज्यांना अटक केली त्यांत लातूर आणि सांगलीचेही तरुण होते. त्या बायकांना तिथे कॅमेरा आहे याचा पत्ता तरी असेल का?

सरकारनेही नियम कडक केलेत. एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या आहेत. दुकानदाराला ‘हे मॉडेल त्यात बसतं का?’ असं बिनधास्त विचारा. बाकी आपल्या हातातलं : लांब पासवर्ड, दोन टप्प्यांचं लॉगिन, ॲप आणि कॅमेऱ्याचे अपडेट, आणि बसवून देणाऱ्याचं लॉगिन काढून टाकणं.

आणि मग आमचा खरा पेच आला. रूममेटच्या बाबांचा फोन. ‘‘मलाही लॉगिन दे. इथून बघत जाईन, तुम्हाला आधार.’’

त्यांचा हेतू वाईट नव्हता. परभणीत बसून काळजी करणाऱ्या माणसाला स्क्रीनवर लेकीचं दार दिसलं तर बरंच वाटेल. आम्ही लॉगिन दिलं. तिसऱ्या दिवशी रात्री पावणेबाराला ती लायब्ररीतून आली, चप्पल काढतेय तोवर फोन. ‘‘आत्ता आलीस?’’ आठवड्याने माझा एक मित्र नोट्स द्यायला दारात आला. आत पण आला नाही. दहा मिनिटांत फोन. ‘‘तो मुलगा कोण?’’ हा प्रश्न तिला होता, पण मुलगा माझ्यासाठी आला होता. म्हणजे आता बाबा मलाही बघत होते. माझ्या बाबांनासुद्धा माहीत नाही मी किती वाजता येते!

ती दोन आठवड्यांत लायब्ररीतून लवकर यायला लागली. चोरामुळे नाही. कॅमेऱ्यामुळे.

या सगळ्याच्या मधेच वाचता वाचता मला मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन भेटली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी नर्स. कामाच्या वेळा विचित्र, बऱ्याचदा घरी एकटी, आणि पोलिसांना बोलावलं तर यायला वेळ लागायचा. तिने आणि तिच्या नवऱ्याने, अल्बर्टने, १९६६ मध्ये एका यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला. दाराला वेगवेगळ्या उंचीवर छिद्रं, त्यांतून बघणारा वरखाली सरकणारा कॅमेरा, आणि आत टीव्हीचा पडदा. बाहेर कोण आहे ते बघायचं, बोलायचं, दार उघडायचं की धोक्याचं बटण दाबायचं ते आतून ठरवायचं. १९६९ मध्ये पेटंट मिळालं. आजच्या घरगुती कॅमेऱ्यांची ती आजी.

मी हे रूममेटला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘बघ ना, पडदा तिच्याकडे होता.’’

त्या रविवारी तिने बाबांना फोन केला. मी शेजारी बसले होते. ती म्हणाली, ‘‘बाबा, कॅमेरा चोरासाठी लावलाय. चोर आला तर पहिला फोन तुम्हालाच करीन, क्लिप पण पाठवीन. पण रोज मला बघायचं असेल तर मला फोन करा, मी सांगीन कुठे आहे ते.’’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग ‘‘बघ बाबा, तुला पटेल तसं’’ आणि फोन ठेवला. ते रागावले. पुढचे चार दिवस आईच्या फोनवरून निरोप येत होते. लॉगिन मात्र आम्ही काढलं. आता ॲप तिघींच्याच मोबाइलवर आहे आणि आमचा नियम ठरलाय : काही घडलं तरच जुनं रेकॉर्डिंग उघडायचं, तेही दोघी सोबत असताना. एकमेकींच्या येण्या-जाण्याचे हिशेब काढायला नाही.

काही घडलंच, तर

क्लिप व्हॉट्सॲपवर फिरवली की ती आकसते, दर्जा जातो. मूळ फाइल कार्डावरून किंवा डीव्हीआरवरून पेन ड्राइव्हवर काढा आणि मूळ कार्ड बाजूला काढून ठेवा, म्हणजे त्यावर नवं लिहिलं जाणार नाही. घड्याळ किती मागे-पुढे आहे ते त्याच वेळी लिहून ठेवा. कोर्टात असा पुरावा प्रतीच्या रूपात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं. आज ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतं. त्याआधीच्या कायद्याखाली ते सक्तीचं असल्याचं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये पक्कं केलं, ते अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात. म्हणजे आपल्या जालन्यातल्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वादात. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हे तिथल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवरून भांडलं गेलं होतं. तुम्हाला कलम पाठ करायचं नाहीये, फक्त पोलीस मागतील तेव्हा मूळ रेकॉर्डिंग शाबूत असलं पाहिजे.

आमचा लॅपटॉप अजून मिळालेला नाही. रूममेटने सेकंडहँड घेतलाय, प्रोजेक्ट पुन्हा लिहितेय. कडी बदलली, दाराला मजबूत लॅच लावला. खरं सांगायचं तर चोर थांबवण्यासाठी तोच जास्त कामाचा आहे, कॅमेरा कडी धरून ठेवत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि जिन्यातला कॅमेरा दुरुस्त झाला. डीव्हीआरचं घड्याळ तर मीच लावलं. दोन मिनिटांचं काम होतं.

बाबा आता रात्री नऊला फोन करतात. रोज. कधी ती सांगते, ‘‘अजून लायब्ररीत आहे, अकरा वाजतील.’’ ते म्हणतात, ‘‘बरं. जेवलीस का?’’

आजच्या आज करा

• सोसायटीत किंवा हॉस्टेलवर जा आणि कालचं रेकॉर्डिंग दाखवायला सांगा. नुसतं लाइव्ह चित्र बघून येऊ नका.

• डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी जुळवून बघा.

• डीव्हीआर बीप बीप करतोय? बहुतेक डिस्क बिघडलीय. आवाज बंद करू नका, डिस्क बदलून घ्या.

• रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, ते विचारा.

• लेन्सवरची कोळिष्टकं पुसा. रात्रीच्या चित्रात ती दोरखंडासारखी दिसतात.

• कॅमेऱ्यात शेजाऱ्यांचं दार-खिडकी येतेय का? येत असेल तर त्यांना स्क्रीन दाखवा आणि वळवा.

• लॉगिन कुणाकुणाकडे आहे त्याची यादी करा. ज्याचं तिथे काम नाही, त्याचं नाव काढा.